मूल होण्याचे उपचार आणि शरियत: खान्देशातल्या जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मुस्लिम जोडप्यांच्या मनात दवाखान्याची पायरी चढताना दोन काळज्या असतात. इलाज झेपेल का, आणि तो जायज, म्हणजे शरियतला मान्य, आहे का? पहिलीवर डॉक्टर बोलतात, दुसरीवर मौलानासाहेब. पण फॉर्मवरची टिक, डबीवरचं नाव, रमजानमधली गोळी अशा ठिकाणी दोन्ही काळज्या एकत्र येतात आणि तिथे सांगणारं कोणी भेटत नाही. उत्तरं मुख्यतः सुन्नी आणि त्यातही हनफी पंथाच्या मताला धरून दिली आहेत. जिथे उलमांत, म्हणजे धर्मपंडितांत, मतभेद आहे, तिथे तसं लिहिलं आहे.

मूल देणं अल्लाहच्या हाती आहे. मग इलाज करणं म्हणजे तकदीरशी भांडण नाही का?

नाही. सूरह अश-शूराच्या ४९ आणि ५० व्या आयतीत अल्लाह कोणाला मुली देतो, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही आणि कोणाला निपुत्रिक ठेवतो, असं सांगितलं आहे. त्याच कुरआनात हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) म्हातारपणी औलाद मागतात: "रब्बि ला तजर्नी फर्दन व अन्त खैरुल वारिसीन" (सूरह अंबिया, ८९). मागणं चुकीचं असतं तर नबींनी मागितलं नसतं. अल्लाहने असा कोणताही आजार उतरवला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, ही हदीस बुखारीत आहे.

मात्र इलाज करणं फर्ज (बंधनकारक) नाही. एखाद्या जोडप्याने आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) करायचं नाही असं ठरवलं तर त्यांच्यावर गुनाह नाही, आणि सासर-माहेरच्यांनी त्यांना तसं भासवूही नये.

टेस्ट ट्यूब बेबी जायज आहे का?

निकाह टिकून असलेल्या नवरा-बायकोचं बीज, त्याच बायकोची गर्भपिशवी आणि मध्ये तिसरं कोणी नाही, एवढं असेल तर बहुतेक सुन्नी उलमांच्या मते जायज आहे.

२३ मार्च १९८० ला इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती शेख जाद अल-हक अली जाद अल-हक यांनी याच अटीवर परवानगीचा फतवा दिला. पुढे ऑक्टोबर १९८६ मध्ये अम्मान इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (इस्लामी कायदेशास्त्र) अकादमीने तेव्हा माहीत असलेल्या सात पद्धती तपासल्या. त्यातल्या पाच नाजायज ठरल्या. उरलेल्या दोन गरजेपुरत्या जायज ठरल्या: नवऱ्याचं वीर्य थेट बायकोच्या गर्भपिशवीत सोडणं, म्हणजे आजचं आययूआय, आणि दोघांची बीजं बाहेर फलित करून तिच्याच गर्भपिशवीत ठेवणं, म्हणजे आयव्हीएफ. इक्सी हे आयव्हीएफचंच पुढचं रूप आहे. त्यात एक शुक्राणू सुईने बीजात सोडतात, म्हणून हुकूमही तोच.

आपल्याकडचे काही दारुल इफ्ता, म्हणजे फतवा देणाऱ्या संस्था, जास्त सावध आहेत. परपुरुषासमोर सतर (झाकायचं अंग) उघडणं आणि वीर्य काढण्याची पद्धत या दोन कारणांवरून ते नकार देतात किंवा कडक अटी घालतात. या दोन्ही अडचणींवर वाट आहे. ती पुढे दिली आहे.

मग नाजायज नेमकं काय?

बीजात, गर्भात किंवा गर्भपिशवीत तिसरा माणूस आला की नाजायज. याचं मूळ नसब, म्हणजे वंश. सूरह फुरकानच्या ५४ व्या आयतीत नसब आणि सासरचं नातं या अल्लाहच्या देणग्या म्हणून सांगितल्या आहेत. विरासत कोणाला, निकाह कोणाशी चालतो, पडदा कोणापासून, हे सगळं नसबवर उभं आहे. म्हणून दात्याचं वीर्य, दातीचं स्त्रीबीज, दुसऱ्या जोडप्याचा गर्भ आणि भाड्याची किंवा उसनी गर्भपिशवी, हे सारं सुन्नी उलमांच्या मोठ्या बहुमताने मना आहे. अनेक उलमा त्याला जिनाच्या (विवाहबाह्य संबंधाच्या) अर्थाचं मानतात, जिनाची शिक्षा मात्र त्याला लागू करत नाहीत.

इंटरनेटवर "इस्लाममध्ये डोनर चालतो" असं वाचायला मिळतं. त्याचा उगम बहुधा इराणचा असतो. तिथे आयतुल्लाह खामेनेई यांनी १९९९ मध्ये काही अटींवर दात्याचं बीज मान्य केलं आणि २००३ मध्ये गर्भदानाचा कायदा झाला. शिया उलमांतही यावर एकमत नाही. हनफी घरातल्या माणसाने तो फतवा उचलून आपल्याला लावू नये.

भारतात डोनर कायदेशीर आहे. मग अडचण काय?

अडचण नेमकी तीच. २०२१ चे सहाय्यक प्रजनन आणि सरोगसीचे दोन्ही कायदे जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. त्यांनी दवाखान्यांची नोंदणी आणि वयाची मर्यादा (बाई २१ ते ५०, पुरुष २१ ते ५५) बांधून दिली, ही चांगली गोष्ट झाली. पण या कायद्यात दात्याचं बीज चालतं. म्हणजे दवाखाना कायद्याने बरोबर वागत असतानाही तुमच्या शरियतच्या बाहेर जाऊ शकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. तुम्ही सांगितलंच नसेल तर त्याला कळणार कसं?

म्हणून पहिल्याच भेटीत तोंडी सांगा आणि फाइलवर लिहून घ्या: "फक्त पतीचं वीर्य आणि पत्नीचं बीज. दात्याचं काहीही नको. पिकअपच्या (बीजं काढण्याच्या) दिवशी बीज किंवा शुक्राणू मिळाले नाहीत तर प्रक्रिया तिथेच थांबवावी." शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. बाई भुलीत असते, नवऱ्याच्या तपासणीत शुक्राणू सापडत नाहीत आणि काउंटरवरून विचारणा होते: "डोनर सँपल वापरू का? नाहीतर खर्च वाया जाईल." अशा घाईत घेतलेला निर्णय आयुष्यभर टोचतो. ही वेळ येण्याचं कारणही साधं आहे. वीर्यात शुक्राणू कमी असतील किंवा त्या दिवशी घाबरून नमुना निघालाच नाही, तर हाताशी दुसरं काही नसतं. यावर उपाय म्हणजे आठ-पंधरा दिवस आधी नवऱ्याचाच नमुना गोठवून ठेवणं. तो निकाहात असताना स्वतःच्याच बायकोसाठी वापरायचा असल्याने जायज आहे.

सह्या करताना फॉर्म एकेक करून वाचा. पतीच्या वीर्याने आययूआय करण्याचा फॉर्म वेगळा असतो आणि दात्याच्या वीर्याचा वेगळा. गठ्ठ्यात दोन्ही आले तर नको असलेल्या फॉर्मवर आडवी रेघ मारून त्यावर दोघांची सही आणि तारीख टाका. मराठी किंवा हिंदी प्रत मागा, आणि उर्दूच वाचता येत असेल तर वाचणारा माणूस बरोबर न्या.

दुसऱ्या बायकोची गर्भपिशवी वापरली तर? नवरा तर एकच आहे.

हा प्रश्न उलमांनी खरोखर तपासला आहे. मक्केच्या फिक्ह परिषदेने १९८४ मध्ये याला परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, ती मागे घेतली. दुसऱ्या बायकोला त्याच काळात स्वतःचेही दिवस राहू शकतात, मग आई कोण हे ठरवणंच अवघड होतं. सूरह मुजादलाच्या दुसऱ्या आयतीत माता त्याच ज्यांनी जन्म दिला, असं म्हटलं आहे, तोही आधार घेतला जातो. बहीण, भावजय, मावशी यांची गर्भपिशवीही याच कारणाने चालत नाही, मग ती पैसे न घेता द्यायला तयार असली तरी.

आधी तपासणी कोणाची?

नवऱ्याची. स्वस्त आहे, सुई नाही, भूल नाही, आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण सापडतं. तरी आपल्याकडे बाईच्या तीन-तीन सोनोग्राफ्या होतात, तिला वांझ म्हणून मोकळे होतात, दुसऱ्या निकाहाची बोलणी सुरू होतात आणि नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते. त्याच्या वीर्यात शुक्राणूच नसतील तर दुसरी बायको करूनही काही होणार नाही. उलट आणखी एका मुलीवर तोच ठपका येईल. हा सरळ जुलूम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार खालची मर्यादा अशी: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल ४२ टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. आकडा याहून खाली आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून ताप, टायफॉइड किंवा भर उन्हातलं काम झालेलं असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. गुटखा, तंबाखू आणि विडी मात्र आजच सोडा. "ताकदीच्या" नावाने मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊ नका, त्यांनी शुक्राणू उलट कमी होतात.

कधी थांबायचं आणि कधी दाखवायचं? वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत तर दाखवा. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहाच महिने. पाळी अनियमित असेल किंवा टीबीचा जुना इतिहास असेल तर थांबूच नका. आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं टीबी हे मोठं कारण आहे.

वीर्याचा नमुना जायज पद्धतीने कसा द्यायचा?

बायकोच्या हाताने, किंवा संबंधातून खास सिलिकॉनच्या कंडोममध्ये. दोन्हींवर उलमांचा आक्षेप नाही. साधा कंडोम वापरू नका, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात आणि रिपोर्ट खोटा वाईट येतो. बाहेर वीर्य टाकून नमुना घेण्याच्या पद्धतीत पहिला थेंब सांडतो आणि सर्वाधिक शुक्राणू पहिल्याच भागात असतात. एकट्याने हस्तमैथुन करून नमुना देणं: काही मुफ्ती गरजेपुरती मोकळीक देतात, काही देत नाहीत. दवाखान्यात बायकोला आत येऊ देतात का, हे आधी फोनवर विचारा. बरेच दवाखाने येऊ देतात.

आधी २ ते ७ दिवसांचा खंड हवा. घरून आणायचा असेल तर तासाभरात लॅबला पोचला पाहिजे. जळगाव शहरातल्या माणसाला हे जमतं. रावेरहून निघालेल्याला जमत नाही, म्हणून त्याने आदल्या रात्री शहरात नातेवाइकांकडे राहावं. डबी बनियनच्या आत, अंगाला लागून ठेवा. मोटरसायकलच्या डिकीत किंवा एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला नमुना निकामी होतो. नमुना दिल्यावर पुरुषावर गुस्ल (पूर्ण आंघोळ) वाजिब होतं.

लेडी डॉक्टर मिळाली नाही तर?

फिक्ह अकादमीने क्रम सांगितला आहे: विश्वासू मुस्लिम लेडी डॉक्टर, मग गैरमुस्लिम लेडी डॉक्टर, मग मुस्लिम पुरुष डॉक्टर, मग गैरमुस्लिम पुरुष. सतर गरजेपुरतंच उघडावं आणि नवरा, महरम (ज्याच्याशी निकाह होऊ शकत नाही असा नातेवाईक) किंवा भरवशाची बाई हजर असावी. दवाखाना ठरवताना नेमकं विचारा: रोजची सोनोग्राफी कोण करतं, पिकअप कोण करतं, भूल कोण देतं? बोर्डावर लेडी डॉक्टरचं नाव असतं आणि पिकअपला बाहेरून पुरुष डॉक्टर येतात, असं होतं. लॅबमधला एम्ब्रियोलॉजिस्ट पुरुष असला तर हरकत नाही, त्याच्यासमोर बाई येत नाही.

आपला नमुना दुसऱ्याचा होणार नाही याची खात्री कशी करायची?

नसब जपायची असेल तर या प्रश्नावर लाजू नका. आपल्याकडे नावं फार सारखी आहेत. यावल-रावेर पट्ट्यात एकाच दिवशी दोन तडवी जोडपी येणं आणि दोन्हींत बाईचं नाव शबाना असणं काही नवल नाही. पिंजारी, शेख, खाटीक, बागवान यांचंही तेच.

डबीवर बायकोचं पूर्ण नाव, नवऱ्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक लिहिलेला हवा. लेबल झाकणावर नको, डबीच्या अंगावर हवं. झाकण काढून बाजूला ठेवलं की ते कोणत्या डबीचं हे सांगता येत नाही. नमुना देताना लेबल स्वतः वाचा. गर्भ ठेवण्याआधी किंवा आययूआयच्या नळीत वीर्य भरण्याआधी स्टाफने तुमचं नाव विचारावं आणि तुम्ही ते पूर्ण सांगावं. "शबाना तडवी का?" असं विचारून हो म्हणवून घेणं ही पडताळणी नव्हे. दर टप्प्याला दोन माणसं नावं ताडून सही करतात का, हेही विचारा. चांगल्या लॅबला या प्रश्नाचा राग येत नाही.

रमजानमध्ये उपचार आले तर रोजाचं काय?

जमत असेल तर उपचाराची सायकल रमजानच्या पुढे-मागे घ्या. वय निघून जात असेल किंवा कॅन्सरसारखं कारण असेल तर थांबू नका. नंतर कजा करता येते, म्हणजे राहिलेला रोजा भरून काढता येतो.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पोटावर इंजेक्शनं सुरू होतात आणि ८ ते १२ दिवस चालतात. पहिले काही दिवस पाळीचे असल्याने रोजा नसतोच. त्वचेखालच्या किंवा स्नायूतल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, यावर बहुतेकांचं एकमत आहे. तरी संध्याकाळी इफ्तारनंतरची वेळ मागून घेतली की मनात शंका राहत नाही. रोज एकाच वेळी घेणं महत्त्वाचं.

खरा मतभेद आतून होणाऱ्या सोनोग्राफीवर आणि योनीमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळीवर आहे. जेद्दाच्या फिक्ह अकादमीने १९९७ च्या ठरावात यांनी रोजा तुटत नाही असं म्हटलं. हनफी मत मात्र असं की ओली वस्तू किंवा औषध आत गेलं की रोजा तुटतो, आणि प्रोबला जेली लावलेली असते. हनफी घरातल्या बाईने सोनोग्राफीच्या दिवसाची कजा धरून चालावं. गोळी दिवसातून एकदाची असेल तर रात्री ठेवावी. तीनदाची असेल तर प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं. स्वतःच्या मनाने दुपारची गोळी गाळू नका. ठेवलेला गर्भ त्याच औषधावर टिकतो.

ट्रिगरच्या, म्हणजे बीजं काढण्याआधी ती पिकवणाऱ्या शेवटच्या, इंजेक्शनची वेळ मात्र मिनिटाला धरून पाळा. बीजं काढणं त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी होतं. बुधवारी सकाळी ९ ला पिकअप असेल तर ट्रिगर सोमवारी रात्री ९ ला, म्हणजे बरोबर तरावीहच्या वेळी. तरावीह सुन्नत आहे, ती नंतर घरी पढता येते. सुई दोन-चार तास उशिरा घेतली तर बीजं कच्ची निघतात, आणि आधी घेतली तर पिकअपआधीच फुटून जाऊ शकतात. सगळा महिना आणि पैसा जातो. पिकअपच्या दिवशी सलाईन आणि भूल असते, त्या दिवशी रोजा ठेवू नका.

नमाज, गुस्ल आणि रक्तस्राव

आतून तपासणी किंवा पिकअप झालं म्हणून बाईवर गुस्ल वाजिब होत नाही. पिकअपनंतर एक-दोन दिवस डाग दिसतात. ते सुईच्या जखमेचं रक्त आहे, हैज (पाळी) नाही, म्हणून वुजू (नमाजआधीचं हातपाय-तोंड धुणं) करून नमाज पढायची. थांबतच नसेल तर दर वक्ताला नवा वुजू.

टेस्ट निगेटिव्ह आली आणि औषध थांबवलं की काही दिवसांत रक्त येतं. हनफी हिशेबाने ते ३ दिवसांहून कमी नसेल आणि आधी १५ दिवस पाकी (रक्ताविना दिवस) गेली असेल तर ते हैज. लवकर गर्भ पडला आणि अवयव तयार झालेले नसतील तर ते निफास (बाळंतपणाचं रक्त) नसतं, तिथेही हाच हैजचा हिशेब लागतो. अवयव दिसत असतील तर निफास.

इंजेक्शनं हलाल असतात का?

तीन ठिकाणी विचारून घ्या. बीजं वाढवणारी एचएमजी नावाची इंजेक्शनं पाळी थांबलेल्या बायकांच्या लघवीतून शुद्ध करून बनवतात. त्यांना पर्याय म्हणून रिकॉम्बिनंट एफएसएच मिळतं. ते लॅबमध्ये पेशींपासून बनतं, जरा महाग पडतं. गर्भ टिकावा म्हणून पोटावर दिलं जाणारं एनॉक्सापॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचा प्रकार, डुकराच्या आतड्यातून काढतात. फॉन्डापॅरिनक्स पूर्ण कृत्रिम आहे, पण ते प्रत्येकीला चालेलच असं नाही. पर्याय नसेल आणि डॉक्टर गरज सांगत असतील तर जरूरतच्या नियमाने बरेच उलमा मोकळीक देतात. तिसरी गोष्ट जिलेटिनची कॅप्सूल. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांत ती सर्रास असते, कंपनीगणिक स्रोत बदलतो.

किती गर्भ करायचे? उरलेल्यांचं काय?

फिक्ह अकादमीच्या १९९० च्या जेद्दा ठरावाचा सल्ला असा: लागतील तेवढीच बीजं फलित करा. तरी गर्भ उरले तर ते दुसऱ्याला न देता वैद्यकीय देखरेखीविना आपोआप संपू द्या. हे ऐकायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात हिशेब आहे. १२ बीजं मिळाली तरी सगळी फलित होत नाहीत, आणि फलित झालेल्यांपैकी साधारण निम्मीच पाचव्या दिवसापर्यंत पोचतात. फक्त दोन बीजं फलित करायला सांगितलीत तर हाती काहीच न लागण्याची शक्यता मोठी. वय कमी असेल आणि बीजं भरपूर असतील तर पाच-सहा फलित करून बाकीची बीजं तशीच गोठवणं हा मधला मार्ग. वय ३८-४० असेल तर सगळी फलित करून उरलेले गर्भ आपल्याच पुढच्या प्रयत्नासाठी गोठवण्यालाही आज बरेच उलमा परवानगी देतात. भारतात गर्भ जास्तीत जास्त १० वर्षं गोठवून ठेवता येतात.

गोठवण्याच्या फॉर्मवर "मृत्यू झाल्यास", "घटस्फोट झाल्यास" असं विचारलेलं असतं. दोन्ही ठिकाणी "नष्ट करावे" लिहा. निकाह संपला की ते वापरण्याचा हक्क संपतो. इद्दतमध्येही, म्हणजे विधवेच्या चार महिने दहा दिवसांतही, बहुतेक उलमा परवानगी देत नाहीत.

तीन गर्भ राहिले आणि डॉक्टर एक कमी करा म्हणतात

आईच्या किंवा बाकीच्या गर्भांच्या जिवाला धोका असेल तर १२० दिवसांच्या, म्हणजे रूह फुंकली जाण्याच्या आत, उलमा परवानगी देतात. खरं तर ही वेळ आणूच नये. एकच गर्भ ठेवायला सांगा, फार तर दोन. "पैसे घातलेत तर तीन ठेवा" हा हट्ट जुळ्या-तिळ्यांच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणात आणि काचेच्या पेटीच्या बिलात जातो.

मुलगाच हवा, असं सांगता येतं का?

नाही. पीसीपीएनडीटी कायद्याने गर्भाचं लिंग निवडणं गुन्हा आहे. मागणाऱ्यालाही पहिल्या खेपेस ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. अश-शूराच्या त्या आयतीत मुलींचा उल्लेख आधी आला आहे, हेही लक्षात ठेवा.

आजारासाठी गर्भ तपासणं ही वेगळी गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याला, विशेषतः तडवी आणि इतर भिल्ल समाजात, सिकलसेल आढळतो. जवळच्या नात्यातल्या निकाहांमुळे थॅलेसेमियासारख्या आजारांचाही धोका वाढतो. दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक बाळ आजारी होण्याची शक्यता असते. निरोगी गर्भ निवडून ठेवायला अनेक उलमा परवानगी देतात. सिकलसेलची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात होते, ती आयव्हीएफच्या आधी करून घ्या.

कॅन्सर झालेल्या अविवाहित मुलीची बीजं गोठवता येतात का?

इजिप्तच्या दारुल इफ्ताने अटींवर परवानगी दिली आहे: बीजं फलित न करता गोठवायची आणि पुढे निकाह झाल्यावर फक्त नवऱ्याच्याच वीर्याने वापरायची. काही देशांतले उलमा अविवाहितेसाठी नाही म्हणतात. केमो सुरू होण्याआधीचे दोन आठवडे हाच वेळ असतो, म्हणून विचारायचं तर लगेच विचारा.

खर्च कसा भागवायचा? व्याज नको आहे.

आययूआय काही हजारांत होतं. आयव्हीएफ औषधांसह साधारण दीड ते अडीच लाखांना जातं, आणि ते एकाच वेळेत यशस्वी होईल असं नाही. तिशीतल्या बाईला दर खेपेला दहातली चारेक संधी असते. ४२ नंतर स्वतःच्या बीजावर ती दहात एकाहूनही कमी. "शंभर टक्के हमी" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. दवाखाना सुरत-नाशिकचा निवडला तर सोनोग्राफीच्या फेऱ्यांचा आणि राहण्याचा खर्चही धरा.

भिशी चालते, चिठ्ठी काढून सगळ्यांना सारखी रक्कम मिळत असेल तर. लिलावाची भिशी, जिथे कमी रकमेवर बोली लावून उचलतात, ती व्याजाचंच रूप आहे. हप्त्यांची योजना "शून्य टक्के" असली तरी उशीर झाल्यावर व्याज लागतं का, ते वाचा. जोडपं जकातीला पात्र असेल तर जकात घेता येते. हनफी नियमाने ती रक्कम जोडप्याच्या हाती मालकीने पडली पाहिजे, थेट दवाखान्याचं बिल भरून चालत नाही.

ताविज, दम, दर्गाह यांचं काय?

कुरआनाच्या आयती पढून दम करणं (फुंकर घालणं), दुआ मागणं जायज आहे. ताविजावर उलमांत मतभेद आहेत. पण "करणी झालीय, आधी उतारा, मग दवाखाना" म्हणणाऱ्याच्या नादी लागून ३२ व्या वर्षाची बाई ३६ ची होते, आणि बीजं तेवढी घटतात. पुडीतली भुकटी, काढा किंवा "गर्भ राहण्याचं" चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना दाखवा. त्यात काय आहे हे माहीत नसताना हार्मोनच्या इंजेक्शनांबरोबर घेणं धोक्याचं आहे.

मूल दत्तक घेता येईल का?

यतीमाला (अनाथाला) सांभाळणं मोठ्या सवाबाचं (पुण्याचं) काम आहे. सूरह अहजाबच्या चौथ्या-पाचव्या आयतीनुसार त्याला त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारायची, स्वतःचा नसब द्यायचा नाही. कायद्याने दोन वाटा आहेत: १८९० च्या पालकत्व कायद्याखाली पालक होणं, किंवा बालन्याय कायद्याने दत्तक घेणं. दुसरी वाट मुस्लिमांनाही खुली असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं. त्यात मूल कागदावर तुमचं होतं, म्हणून शरियतच्या हिशेबाचं आधीच मुफ्तीसाहेबांशी बोला.

पडद्याची अडचण दुधाने सुटते. मूल दोन वर्षांच्या आत असताना बाईने, तिच्या बहिणीने किंवा नवऱ्याच्या बहिणीने त्याला दूध पाजलं तर दुधाचं नातं जुळतं आणि मोठेपणी पडदा लागत नाही. मुलगा असेल तर बाईच्या बाजूचं दूध हवं, मुलगी असेल तर नवऱ्याच्या बाजूचं. मूल न झालेल्या बाईलाही औषधं आणि पंपाच्या मदतीने दूध आणता येतं. हे मूल घरी येण्याच्या काही महिने आधी सुरू करावं लागतं. विरासत नसली तरी एकतृतीयांशापर्यंत वसीयत (मृत्युपत्र) करता येते.

आमच्याकडे डोनरचं मूल आधीच झालं आहे. आता काय?

मुलावर काहीही गुनाह नाही. दोघांनी तौबा करावी. सुन्नी मतात जन्म देणारी ती आई. बापाच्या बाबतीत "अल-वलदु लिल-फिराश" (मूल ज्याच्या निकाहात जन्मलं त्याचं) या हदीसच्या आधारे काही मुफ्ती नसब नवऱ्याशी जोडतात, काही जोडत नाहीत. त्यावर विरासत आणि निकाहाचे प्रश्न अवलंबून आहेत, म्हणून एकांतात एकाच जाणत्या मुफ्तींना विचारा आणि मोहल्ल्यात चर्चा करू नका. मुलाला त्याच्या जन्मावरून बोलण्याचा हक्क कोणालाही नाही.

मुफ्तीसाहेबांना विचारताना काय लिहायचं?

"आयव्हीएफ जायज आहे का?" एवढंच लिहिलं तर उत्तरही तेवढंच येतं. इस्तिफ्त्यात, म्हणजे फतवा मागण्याच्या अर्जात, लिहा: निकाहाला किती वर्षं झाली, दोघांचं वय, डॉक्टरांनी सांगितलेलं कारण (नळ्या बंद, शुक्राणू शून्य, जे असेल ते), आधी कोणते इलाज झाले, बीज कोणाचं, गर्भपिशवी कोणाची, नमुना कसा घेणार, तपासणी बाई करणार की पुरुष, किती गर्भ करणार आणि उरलेल्यांचं काय करणार. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा आणि कठीण शब्दांसमोर साधा अर्थ लिहा. शुक्राणू वृषणातून सुईने काढायचे असतील तर ते नवऱ्याचेच आहेत हे स्पष्ट लिहा, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होतो. उत्तर लेखी आणि शिक्क्यासह घ्या. त्याची एक प्रत दवाखान्याच्या फाइलला लावा आणि एक घरी ठेवा.